हिरवी वायर

माझ्या वडिलांच्या हातांना शेवटपर्यंत दहाची दहा बोटं होती. यात सांगण्यासारखं काय आहे, असं कुणालाही वाटेल. पण मशीनवर काम करणाऱ्या सुतारांच्या पंगतीत मी लहानपणापासून वाढलेय, आणि भात कालवणारे हात मी पाहिलेत. कुणाचं करंगळीचं पेर नाही, कुणाची तर्जनी अर्धी, कुणाचा अंगठा नखापाशीच संपलेला. आबा तीस वर्षं मशीनवर उभे राहिले आणि त्यांच्या हातावर एका टाक्याचीही खूण नव्हती. याचा त्यांना अभिमान होता. खरं सांगायचं तर मलाही होता.

आबा परळच्या एका गिरणीत सुतारखात्यात होते. ऐंशीच्या दशकात गिरणी बंद पडली तेव्हा ते पन्नाशीला आले होते. त्या वयात घरी बसून राहणं त्यांना जमण्यातलं नव्हतं. जोगेश्वरी पूर्वेला, जुन्या गावठाणात, आम्ही राहत होतो त्या खोलीपासून चालत पाच मिनिटांवर त्यांनी पत्र्याची एक शेड घेतली. सोबत गिरणीतलेच एक जोडीदार होते, त्यांना मी काका म्हणायचे. गोरेगावच्या स्टुडिओंना सेट लागायचे, आणि सेटला दारं, खिडक्या, जिने, सिंहासनं लागायची. आबा ती करून द्यायचे. एरवी घराला दार करावं तसंच ते सेटचं दार चोख करायचे. उघडलं तर मागे नुसता बांबूचा टेकू आणि पलीकडे चहाची किटली घेतलेला माणूस दिसणार, हे माहीत असूनसुद्धा.

शेडच्या मधोमध गोल करवतीचं मशीन होतं. लोखंडी टेबल, त्याच्या फटीतून वर आलेलं दातेरी पातं, खाली मोटर आणि पट्टा. कुठल्याशा बंद कारखान्यातून आलेलं ते जुनं धूड लाकडी ठोकळ्यांवर ठेवलेलं होतं. त्याच्याजवळ जायचे आबांचे नियम होते आणि ते मला पाढ्यांसारखे पाठ होते. घड्याळ, अंगठी काढून ठेवायची. लांब बाही नको. गळ्यात पंचा नको. पात्यावरची टोपी काढायची नाही. फळीचा शेवटचा वीतभर तुकडा हाताने नाही, काठीने ढकलायचा. पातं फिरत असताना मागून हाक मारायची नाही, मग घरी आग का लागेना. खटका बंद केल्यावरही पातं पूर्ण थांबेपर्यंत भुश्शाला हात लावायचा नाही. "थांबला असा वाटता, तेव्हा ता थांबलेला नसता," ते म्हणायचे.

आबा पात्याला भ्यायचे, कारण पातं दिसत होतं. करंटला मात्र शेडमध्ये कुणीच भीत नव्हतं. भ्यायला हवं होतं ते मी. मी अंधेरीच्या एका शाळेत विज्ञान शिकवत होते. आठवीला विजेचा धडा होता आणि त्यात तीन पिनांच्या प्लगची आकृती होती. दोन वायरवर मशीन चालतं, तिसरी हिरवी वायर माणसासाठी असते. मशीनच्या अंगात करंट उतरला तर तो त्या वायरने जमिनीत निघून जातो आणि फ्यूज उडतो. हे मी दर वर्षी फळ्यावर रंगीत खडूने काढून दाखवत होते. हिरवा खडू मी त्याच धड्यासाठी जपून ठेवायचे.

एप्रिलच्या शेवटी, मी वार्षिक परीक्षेचे पेपर तपासत बसले होते तेव्हा काका घरी आले. "मास्तरीणबाय, जरा शेडमदी चल. मशीन चालू केली का फ्यूज उडता. सकाळधरना चार वेळा तार बदलली."

मी गेले. आबा वैतागून उभे होते. राजवाड्याच्या सेटचं मोठं दार शुक्रवारी स्टुडिओत पोचायला हवं होतं आणि चौकटच अजून चिरायची होती. वायरमनला निरोप गेला होता, तो सोमवारशिवाय येणार नव्हता. काकांनी खिशातून तांब्याची जाड तार काढली आणि फ्यूजमध्ये तीच घालतो म्हणाले.

"अजिबात नाही," मी म्हणाले. "जाड तार घातली तर फ्यूज उडणार नाही, वायरी जळतील. शेड पेटेल तुमची."

"मग काय करू सांग. तू शिकलेली ना."

मी वाकून मशीन पाहिलं. मोटरच्या आत जुनी गुंडाळी होती, वर्षानुवर्षांचा भुसा बसलेला. आत कुठेतरी करंट लोखंडात उतरत होता आणि हिरवी वायर आपलं काम चोख करत होती. हे मला दोन मिनिटांत कळलं. कळलं याचा मला आनंद झाला, आणि कळलंय हे दाखवायची हौस आली. ती हौस मी आजवर विसरलेले नाही.

"मोटर बांधून घ्यायला हवी," मी सांगितलं. "आतून करंट उतरतोय. ही हिरवी वायर तो जमिनीत नेते म्हणून फ्यूज उडतो. ही काढली तर उडणार नाही."

मी नुसती माहिती दिली होती, असं मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला सांगितलं. आबांनी मला विचारलं, "काढली तर मशीन चलतला?"

"चालेल. पण आबा, ती तुमच्यासाठी असते."

"मगे काढ. दोन दिसांचो तर प्रश्न."

पक्कड काकांनी दिली. वायर मी कापली. कापलेल्या टोकाला काळी चिकटपट्टी गुंडाळली, अगदी नीटनेटकी, शिक्षिकेच्या हातची. मशीन सुरू झालं आणि फ्यूज उडाला नाही. काका म्हणाले, "झकास." आबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, पेपर तपासायचं सोडून आपण इथेच यावं रोज. ते कौतुक मला घरी येईपर्यंत पुरलं.

दार शुक्रवारी गेलं. सोमवारी वायरमन आलाच नाही. मंगळवारी नव्या सेटच्या खिडक्या आल्या. मोटर बांधायला द्यायची म्हणजे आठ दिवस मशीन बंद, आणि आठ दिवस मोकळे असे कधी मिळालेच नाहीत. उन्हाळ्यात काही जाणवलंही नाही. आबांनी टेबलाला हात लावायचा, फळी पुढे सरकवायची, सगळं पूर्वीसारखं. मी दर रविवारी विचारायचे, "मोटर कधी देताय?" आणि दर रविवारी पुढचा रविवार ठरायचा.

पावसाळ्यात हवा दमट झाली तसं मशीन बोलायला लागलं. आधी काकांना मुंग्या आल्यासारखं वाटलं. "गुदगुल्या करता गो तुझी मशीन," ते मला हसत म्हणाले. मला हसू आलं नाही. मी शेडमध्ये जाऊन टेस्टर लावला. टेबलाच्या कडेला लावताच त्यातला लाल दिवा पेटला. टेबलाच्या चारी कोपऱ्यांना लावला, चारी ठिकाणी पेटला.  मी घाबरले होते, आणि कुणाला सांगावं हे मला कळत नव्हतं, कारण सांगण्यासारखी माणसं त्या शेडमध्येच होती आणि त्यांना ते माहीत होतं.

मग आम्ही इलाज केला. या गोष्टीत मला सगळ्यात भयंकर वाटतो तो हा इलाज, कारण तो चालला. मशीनसमोर एक जाड सागवानी फळी टाकली, तिच्यावर उभं राहूनच काम करायचं. पायात रबरी चप्पल हवीच. आबा आणि काका दोघांनी निळ्या पट्ट्यांच्या चपला शेडसाठी वेगळ्या ठेवल्या. मी भिंतीवर खडूने मोठ्या अक्षरात लिहिलं: फळीवर उभे राहा. चप्पल घाला. ओला हात लावू नका. खाली तारीख घालायची सवय असते आम्हा शिक्षकांना, ती मात्र घातली नाही. तारीख घातली असती तर दिवस मोजावे लागले असते.

आबा नियमांचे पक्के होते, त्यामुळे हा नियमही त्यांनी पाळला. एकदा चहा घेऊन आई गेली आणि अनवाणीच मशीनकडे वळली, तर ते तिच्यावर असे ओरडले की तिने कप तिथेच ठेवला आणि घरी येऊन तासभर कुणाशी बोलली नाही. "सगळ्या जगात माणसा व्हाणा भायर काढतत," ती मला म्हणाली, "आणि तुझ्या बापाशीच्या शेडीत मातर घालूक होयी." मी तिला काहीच समजावलं नाही. तिला सांगायचं तर हिरव्या वायरपासून सांगावं लागलं असतं.

त्याच सुमारास वर्गात तो धडा आला. मी हिरवा खडू घेतला, आकृती काढली, तिसरी पिन मोठी का असते ते सांगितलं. पुढच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "बाई, सगळ्यांच्या घरी असते का ती वायर?"

"असायलाच हवी," मी म्हणाले आणि फळा पुसला.

भाद्रपद सरला. आबांनीच एके दिवशी जेवताना सांगितलं, "दसऱ्याक मशीनची पूजा करूया, आणि दुसऱ्या दिसाक मोटर बांधूक देऊया. ठरला." काकांनी मोटर बांधणाऱ्याला सांगूनही ठेवलं. मला इतकं हलकं वाटलं की त्या आठवड्यात मी शाळेत कुणावर रागावले नाही. पाच महिने निघाले होते, आता चार दिवस काढायचे होते.

आमच्या शेडमध्ये दसऱ्याची रीत अशी होती. नवमीला संध्याकाळी सगळी हत्यारं धुऊन पुसून ठेवायची, मशीनचा प्लग काढायचा. हत्यारांनाही विश्रांती. दसऱ्याच्या सकाळी जमीन धुवायची, रांगोळी काढायची, पटाशा, करवती, रंधे पाटावर मांडायचे, मशीनला झेंडूची माळ घालायची. पूजा आणि आरती झाली की आबा मशीन चालू करून एक कोवळी पट्टी चिरायचे. तो मुहूर्ताचा काप. त्यातून निघालेला लाकडाचा पातळ तुकडा वर्षभर आमच्या देव्हाऱ्यात असायचा. गिरणीत असल्यापासूनची रीत होती ती, आणि एकाही वर्षी चुकली नव्हती.

त्या सकाळी आई पहाटेच शेडमध्ये गेली होती. तिने जमीन दोन वेळा धुतली. ओल्या फडक्याने मशीन पुसलं, वरून खालून, मोटरच्या जाळीत बोटं घालून वर्षभराचा भुसा काढला. मग आंब्याच्या डहाळीने सगळ्यावर पाणी शिंपडलं. देवाचं काम तिने कधी अर्धवट केलं नाही. मी गेले तेव्हा मशीनसमोरची जमीन ओली आणि स्वच्छ होती. मी तिथेच उकिडवी बसून रांगोळी काढली. कमळ काढलं, भोवती गोपद्मं. आई म्हणाली, छान झाली. मग नैवेद्य आणायला मी घरी गेले.

परत आले तेव्हा आरती सुरू झाली होती. दाराशी चपलांची ओळ होती. आईची, काकांची, आणि शेवटी आबांच्या निळ्या पट्ट्यांच्या. त्यांच्या बाजूला, भिंतीला टेकवून, सागवानी फळी उन्हात वाळत ठेवलेली होती. जमीन धुवायला आईने ती बाहेर काढली असणार. आणि फळीच्या जागी माझी रांगोळी होती.

हातात नैवेद्याचं ताट घेऊन मी फळीकडे पाहत उभी राहिले. किती वेळ, ते सांगता येणार नाही. मला सगळं कळलं होतं. धुतलेली जमीन, ओले हात, अनवाणी पाय, पाण्याने पुसलेली मोटर. परीक्षेत हा प्रश्न आला असता तर मी पाचपैकी पाच गुण घेतले असते. पण आत आरती चालू होती. आबांचे डोळे मिटलेले होते, काका टाळ्या वाजवत होते, आईच्या हातात निरांजन होतं. आरती थांबवून "चपला घाला" असं कसं म्हणायचं? आरती संपली की सांगू, असं मी ठरवलं. दोन मिनिटांचा तर प्रश्न होता.

दाराबाहेर शेडचे मालक उभे होते. ते गावठाणातले जुने ख्रिस्ती, मागे त्यांची भाजीची वाडी होती. आम्ही त्यांना अंकल म्हणायचो. दर दसऱ्याला ते आरतीला यायचे, पण वाडीतून थेट येत असल्याने पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट असायचे. ते काढायला वेळ लागतो म्हणून उंबऱ्याबाहेरच टोपी हातात धरून उभे राहायचे. त्यांनी मला हळूच विचारलं, "बाय, काय झालं? तोंड का असं?"

"काही नाही अंकल," मी म्हणाले आणि चपला काढून आत गेले.

आरती संपली. मी ताट खाली ठेवलं आणि "आबा" म्हणायला तोंड उघडलं. तेवढ्यात दारातून वारा आला आणि आईच्या हातातलं निरांजन विझलं. आई एवढीशी झाली. आबांचं लक्ष नव्हतं, ते प्लग लावत होते. तिने माझ्या दंडाला धरून कानात म्हटलं, "गो, काडेपेटी खंय आसा? बेगीन हाड. दिवो विझलो."

काडेपेटी माझ्या पिशवीत होती आणि पिशवी दाराशी. सात-आठ पावलं. मी वळले. त्या क्षणी मला वडिलांपेक्षा दिव्याची घाई झाली, हे मी लिहून ठेवते. आईच्या आवाजात तशी भीती होती. मी पिशवीत हात घातला, काडेपेटी सापडली, आणि पाठीमागे खटक्याचा आवाज आला.

मागून हाक मारायची नाही, हा नियम. मी वळून पाहिलं. आबा माझ्या रांगोळीच्या कडेला उभे होते. उजवा हात खटक्यावर, डावा टेबलावर. पातं फिरत होतं. ते काही बोलले नाहीत. त्यांचं तोंड उघडं होतं आणि खांदे असे वर आले होते, जसे कधीच येत नसत. त्यांच्या डाव्या हाताची बोटं टेबलाची कड धरून होती. आई "अवो" म्हणत पुढे झाली.

आईला मी धरलं. एवढं एक काम मी केलं. तिच्या कमरेला मिठी मारून मी तिला मागे ओढलं आणि ती माझ्या हातांवर मारत राहिली. काका ओरडले, "प्लग, प्लग," पण प्लग मशीनच्या पलीकडे होता. अंकल रबरी बुटांसकट आत आले, कोपऱ्यातली लाकडाची लांब रीप उचलली आणि आबांच्या मनगटावर मारली. एकदा सुटलं नाही. दुसऱ्यांदा सुटलं. आबा रांगोळीवर पडले. अंकलनी त्याच रिपेने प्लग पाडला आणि पातं हळूहळू थांबत गेलं. ते पूर्ण थांबेपर्यंत शेडमध्ये कुणीच हललं नाही, आणि का ते मला आजही कळलेलं नाही. नियम होता म्हणून असेल.

रिक्षातून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी बराच वेळ छाती दाबली. मग त्यांनी आबांचा डावा तळवा उलटा करून मला दाखवला. टेबलाच्या कडेची एक पांढरट रेघ होती त्यावर. बाकी दहाही बोटं जिथल्या तिथे होती.

दुसऱ्या दिवशी वीज कंपनीचा माणूस पाहणीला आला. त्याने मशीनच्या वायरी पाहिल्या आणि चिकटपट्टी लावलेलं ते टोक हातात धरलं. "ही अर्थिंगची वायर कुणी कापली?" मी तिथेच होते. काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "जुनीच आसतली. मशीन तशीच घेतलेली." त्याने वहीत काहीतरी लिहिलं.  काकांनी मोटर बांधून घेतली, हिरवी वायर जोडून घेतली आणि पुढे त्याच मशीनवर काम केलं. त्यानंतर ते मला मास्तरीणबाय म्हणाले नाहीत, नुसतं "गो" म्हणायचे.

लोक समाचाराला यायचे. देवीच्या पायाशी मरण आलं, पुण्यवान माणूस, असं म्हणायचे. आई ऐकून घ्यायची. तेराव्याला सगळे गेल्यावर ती मला म्हणाली, "दिवो विझलेलो आणि हेंनी खटको दाबलो. माझ्या हातातलो दिवो."

"आई, तसं नसतं," मी म्हणाले. "करंट होता तो. मशीन जुनं होतं."

"जुना तर आदल्या वर्साक पण होता," आई म्हणाली.

याला उत्तर होतं आणि ते माझ्याजवळ होतं. आदल्या वर्षी हिरवी वायर होती, एवढंच म्हणायचं होतं. पण मग ती विचारणार, कुणी कापली. आणि त्याहून वाईट म्हणजे, मोटरच्या जाळीत ओलं फडकं घालणारे हात कुणाचे, हेही एक ना एक दिवस तिच्या लक्षात येणार. तिच्यासाठी मी गप्प राहिले, असं मी स्वतःला सांगते. ते अर्धंच खरं आहे. उरलेल्या अर्ध्यात मला माझी अब्रू वाचवायची होती, आणि आबांनी त्या एप्रिलच्या दुपारी ज्या नजरेने माझ्याकडे पाहिलं होतं ती नजर मला तिच्यापाशी शाबूत ठेवायची होती.

पुढे आम्ही मुलुंडला राहायला गेलो. मी लग्न केलं नाही. माझ्या पर्समध्ये कायम टेस्टर असायचा. कुणाच्या घरी गेले तर फ्रीजला, इस्त्रीला, पाण्याच्या मोटरला लावून बघायचे, आणि शाळेतली मुलं मागून मला टेस्टरबाई म्हणायची. ते मला माहीत होतं आणि आवडायचंही. घरात एकही दोन पिनांचा प्लग मी येऊ दिला नाही. त्या धड्याचे मी चारऐवजी सहा तास घ्यायचे. शाळा तपासायला आलेल्या साहेबांनी एकदा विचारलं, एवढ्याशा धड्याला सहा तास कशाला? पाठ होत नाही पोरांना, मी म्हणाले.

आणि आई दसरा करायची. मुलुंडच्या घरात हत्यारं कुठली असणार? कात्री, विळी, शिवणयंत्र, नंतर नंतर मिक्सर. ती सगळं पाटावर मांडायची, झेंडू वाहायची, आणि निरांजनाऐवजी समई लावायची, मोठ्या वातीची. मग दिवसभर तिच्याजवळ बसून राहायची. ऑक्टोबरच्या उकाड्यात पंखा बंद, खिडक्या बंद. दारावरची बेल वाजली की आधी समईला दोन्ही हातांचा आडोसा आणि मग मला हाक, तू उघड. जेवायलाही ती तिथून उठायची नाही, ताट मी तिथेच न्यायचे. तीस वर्षं. समईपलीकडे मिक्सर असायचा, त्याचा प्लग मी वायरीपासून सोडवून माझ्या खोलीत ठेवलेला असायचा. ती तिचा दिवा राखायची आणि मी माझा प्लग, आणि दोघी एकमेकींना काही विचारत नव्हतो.

दर दसऱ्याला मी ठरवायचे की आज सांगायचं. आई, तुझ्या दिव्याने काही झालेलं नाही, ते मी केलं. एवढी दोन वाक्यं. एका वर्षी तर मी तिच्यासमोर मांडी घालून बसलेही. तिने समईत तेल घातलं, घामाने भिजलेला पदर सावरला आणि मला म्हणाली, "सरक गो जरा, तुझ्या श्वासान ज्योत हलता." मी सरकून बसले.

ती गेली त्याच्या आदल्या दसऱ्याला तिचं वय शहाऐंशी होतं. नजर अधू झाली होती, ज्योत आहे की नाही ते ती हात जवळ नेऊन उबेवरून ओळखायची. संध्याकाळी सोनं वाटून झालं, तिने समईवरून हात फिरवला आणि बऱ्याच वर्षांनी तिच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं.

"औंदा एकदा पण विझलो नाय बघ," ती म्हणाली. "आता तेंका बरा वाटला आसतला. माका माफ केल्यानी आसतली काय रे देवा."

मग माझ्याकडे तोंड करून तिने विचारलं, "केली आसतली ना गो?"

"हो आई," मी म्हणाले, "केली असणार."